पळसाच्या पानावरचे पाच तुकडे

देवाचं बोकड तलावाच्या पाळीवरच कापायचं, तिथंच शिजवायचं आणि तिथंच संपवायचं, असा आमच्याकडचा नियम आहे. उरलेलं घरी आणत नाहीत. मटणच काय, सोबत नेलेलं मीठ-तिखटसुद्धा उरलं तर तिथंच खड्ड्यात टाकतात. गंज म्हणजे मोठं पातेलं, ते आणि पराती राखेनं घासून तलावात धुतात. देवाच्या जेवणाचा वासही घराच्या उंबऱ्यात येऊ नये, असं सासू सांगायची.

दुसरा नियम असा की देवाच्या आधी कोणी खायचं नाही. बोकडाची कलेजी निखाऱ्यावर भाजायची, तिचे पाच तुकडे पळसाच्या पानावर ठेवायचे आणि पुजाऱ्यानं ते देवापुढं ठेवले की मग जेवण. तोपर्यंत शिजवणारा माणूसही बोट बुडवून चव पाहत नाही. माझे सासरे गंजाच्या वाफेवर तोंड नेत आणि नुसत्या वासानं सांगत की मीठ कमी आहे. ते कधी चुकले नाहीत.

मी सांगते ते गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्यानंतरच्या दुसऱ्या माघातलं. आमचं घर विणकराचं, आंधळगावच्या बाजूचं. माझ्या धाकट्या जावेचं माहेर अर्जुनीकडचं होतं, ते तिकडच्या नव्या जिल्ह्यात गेलं, आम्ही जुन्यातच राहिलो. सासूला तेवढं कारण पुरलं. जावेच्या हातून पाणी सांडलं तरी ती म्हणायची, "दुसऱ्या जिल्ह्याची आहे बापा, तिले आपलं काय पडलं!" सगळे हसायचे. जाऊही हसायची. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि हसल्यानं गोष्ट मिटते असं तिला अजून वाटत होतं.

तिची दोन पोटं पडली होती. एक तिसऱ्या महिन्यात, एक पाचव्यात. हे तिसरं होतं आणि सहावा महिना लागला होता. ते टिकावं म्हणून सासूनं देवाला बोकड बोलून ठेवलं होतं. पण त्यासोबत आणखी एक बोलून ठेवलं होतं. मागाजवळ आम्ही दोघी जावा सुताच्या कांड्या भरत बसलो होतो, तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, "हे तिसरं. हेबी नाही टिकलं तर लहान्याले दुसरी आणू. आताच सांगून ठेवलं. मंग रडायचं नाही."

लहाना म्हणजे माझा दीर. तो माग चालवत होता. त्याचा पाय क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला.

सासू गेल्यावर जाऊ मला म्हणाली, "बाई, टिकन ना जी?"

मी म्हटलं, "टिकन."

मी फार बोलत नाही. लहानपणापासून नाही. माहेरी मला मुकी म्हणायचे. सासरी त्यांनी माझी भाषा शिकून घेतली होती. मान हलवली म्हणजे होय, नाही हलवली म्हणजे नाही. सासू मला काहीही विचारताना तोंडाकडे पाहायचीच नाही, माझ्या मानेकडे पाहायची.

त्या दिवशी सकाळी दोन बैलबंड्या जोडून आम्ही तलावावर गेलो. सासूच्या बहिणी, त्यांच्या सुना, शेजारपाजारचे चारदोन, सगळे मिळून वीसेक माणसं होतो. जावेला आदल्या संध्याकाळपासून उपास होता. नवस जिच्यासाठी, तिनं देवाचा घास पडेपर्यंत पाणीच घ्यायचं. तिच्यासाठी बंडीत घोंगडी अंथरली होती. पाळीवर उतरल्यावर सासऱ्यांनी स्वतः तीच घोंगडी मोहाच्या सावलीत घातली आणि म्हणाले, "बस माय. उठू नोको." मला म्हणाले, "मोठे, लाकडं उतरव."

मी लाकडं उतरवली. माझ्या दोन पोरी झाल्या तेव्हा कोणी देवाला कोंबडी बोललं नव्हतं. ते त्या दिवशी माझ्या मनात होतं. नव्हतं असं मी म्हणणार नाही.

माझ्या नवऱ्यानं आणि दिरानं बोकड कापलं, सोललं. सासऱ्यांनी वारा पाहून लांबट चर खणली, बाजूला दगड रचले. ऐनाची लाकडं खाली, वर बारीक काटक्या. मोहाचं लाकूड देवाजवळ जाळत नाहीत आणि पळसाचं नुसतं धुपतं, म्हणून लाकडं घरून न्यावी लागतात. आग बसली तेव्हा सासऱ्यांनी कांदे सालीसकट निखाऱ्यात पुरले, खोबऱ्याच्या वाट्या जाळावर काळ्या करून घेतल्या. बायांनी पाट्यावर मसाला वाटला. जवसाचं तेल गंजात धूर येईस्तोवर तापलं, मग मसाला, मग मटण. वर परात झाकून परातीत पाणी. चुलीच्या तोंडाशी मी. आग वाढवायची नाही, पडू द्यायची नाही, असं माझं काम. वारा पाळीवरून फिरायचा आणि धूर सारखा माझ्याच अंगावर यायचा.

मग सासऱ्यांनी ओल्या बांबूच्या कमचीला कलेजी टोचली, मीठ चोळलं आणि निखाऱ्यावर धरली. चरबी टपटप निखाऱ्यात पडत होती. भाजल्यावर सुरीनं पाच तुकडे केले, पळसाच्या पानावर ठेवले आणि पान जावेच्या ओंजळीत दिलं. जिचा नवस तिनंच ते पान धरून बसायचं असतं. खाली ठेवायचं नाही.

"पुजारी आला का सोपवून दे," सासरे म्हणाले.

पुजारी येईना. तलावाच्या पलीकडच्या काठाला दुसऱ्या गावच्या लोकांचं बोकड होतं, तो तिकडे बसला होता. दीर सायकल घेऊन गेला. तोही येईना. पुरुष पिंपळाकडे पत्ते खेळायला बसले. बाया पाटा धुवायला पाण्यावर उतरल्या. मोहाखाली जाऊ आणि तिच्यासमोर दहा हातांवर चुलीशी मी, एवढ्या दोघीच राहिलो. सूर्य डोक्यावर आला. गंजातून वास सुटला होता. पोटात काही नसलेल्या माणसाला तो वास कसा लागतो ते मला माहीत आहे, मीही पोरींच्या वेळी सारखी भुकेली असायची.

ती पानाकडे पाहायची, मग पाण्याकडे पाहायची. पुन्हा पानाकडे. पानातून तेल झिरपून तिच्या बोटांवर आलं होतं. तिनं एक बोट चाटलं. मग एक तुकडा उचलून तोंडात घातला.

घाईघाईनं नाही. चोर खातो तसं नाही. डोळे मिटून, सावकाश चावून, माहेरी गेलेली पोरगी आईजवळ बसून खाते तसा तिनं तो खाल्ला. डोळे उघडले तेव्हा मी तिच्याकडे पाहत होते. ती घाबरली नाही. तोंड भरलेलंच होतं, तशीच थोडी हसली. मी तिची आहे असं तिला वाटलं. उरलेले चार तुकडे तिनं बोटानं सारखे केले.

मी लाकूड आत सारलं.

पुजारी आला तेव्हा त्याच्या तोंडाला पलीकडच्या काठावरच्या जेवणाचा वास येत होता. सगळे गोळा झाले. त्यानं पान हातात घेतलं, पाहिलं आणि म्हणाला, "चारच आहेत जी?"

सासरे म्हणाले, "पाच दिले. माझ्या हातानं दिले."

सासू जावेपुढं येऊन उभी राहिली. "एक कोठी गेला?"

जाऊ म्हणाली, "कावळ्यानं नेला."

कुठूनसं तिला ते सुचलं, पण बरोबर सुचलं. आमच्याकडे मानतात की देवाच्या पानातलं कावळ्यानं नेलं तर देवानं पुजाऱ्याची वाट न पाहता स्वतःच घेतलं. त्याहून चांगला शकून नाही. पुजाऱ्याचं तोंड उजळलं. "असं असन तं बेसच झालं," तो म्हणाला. एका मावशीनं हात जोडलेही.

पण सासूनं जावेच्या तोंडाकडे वाकून पाहिलं. मग ती वळली.

"मोठे, कावळा आलता का वो?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वीस माणसं. माझ्या हातात अर्धं जळलेलं लाकूड होतं. जाऊ घोंगडीवर बसलेली, तिचे हात पान धरल्यासारखेच पुढे होते. तीही माझ्याकडे पाहत होती आणि तिच्या तोंडावर काळजी नव्हती.

नुसती मान हलवायची होती. बोलायचंही नव्हतं.

सासूची धाकटी बहीण मनानं बरी होती. ती म्हणाली, "अवो तिच्या डोळ्यात धूर जाऊन राहिला सकाळपासून, तिले काय दिसन? कायले विचारता तिले?"

तेवढं धरून मी डोळे चोळले असते तरी भागलं असतं. मी डोळे चोळले नाहीत. मी सासूकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. मान हलवली नाही.

सासू म्हणाली, "समजलं."

तिनं जावेच्या हनुवटीला धरून तोंड वर केलं. "आ कर." जावेनं तोंड उघडलं. लहान पोरानं माती खाल्ली की पाहतात तसं सासूनं तिच्या तोंडात पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दातात आहे अजून. कावळा हाच."

आधी कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. पुजाऱ्यानं पान खाली ठेवलं आणि हात झटकले. "उष्टं झालं. आता देव घेत नाही. पुढच्या खेपेस पुन्हा करा. पण बोकड वाया जाऊ देऊ नका, जेवून घ्या."

पुढची खेप म्हणजे काय ते तिथल्या प्रत्येक बाईला कळलं.

पत्रावळी मांडल्या. पुरुषांची पंगत बसली. जावेला सासूनं माझ्या जागी बसवलं. "हे तं झालंच तुहं जेवण. आता आग पाह." मला म्हणाली, "तू ऊठ, वाढायले लाग." म्हणून मी भात वाढला, रस्सा वाढला. तर्री लाल, दाट होती. सासऱ्यांचं मीठ त्या दिवशीही बरोबर होतं.

लोक जेवताना बोलत होते. माझा नवरा म्हणाला, "देवाच्या आधी आमच्या लहानीचा नंबर लागला." एक मावसदीर म्हणाला, "देव जाऊ द्या जी, आम्हाले एक कलेजी ठेवा लागत होती ना!" कोणी तरी म्हणालं, "पोटातलाच मांगत असन. सहा महिन्याचा आहे, त्याले काय समजते उपास?" त्यावर सासू म्हणाली, "त्याले काय मांगाचं ते मांगू द्या. राहते का जाते तेच पाहाचं आहे." तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. पण जेवणही थांबलं नाही.

माझा दीर पंगतीत होता. त्यानं दोन घास खाल्ले आणि हात धुतला. पण उठून तिच्याजवळ गेला नाही.

बायांची पंगत बसली. मीही बसले. मटण चांगलं झालं होतं. हे सांगायला जड जातं, पण मी पोटभर जेवले. माझ्या पोरी माझ्या दोन्ही बाजूंना बसून हाडं चोखत होत्या. चुलीपासून माझी पत्रावळ पाच हातांवर होती. जावेनं एकदा हळूच म्हटलं, "बाई, थोडा रस्सा द्या ना. पाण्यातच टाकून द्या." तिला चक्कर येत होती. मला ऐकू आलं. माझ्या मोठ्या पोरीलाही ऐकू आलं, ती म्हणाली, "आई, काकू मांगून राहिली." मी तिला म्हटलं, "जेव चुपचाप."

वीस माणसांना ते बोकड मोठंच होतं. तीन भाग संपले, एक भाग उरला. सासऱ्यांनी खड्डा खणला. गंज आणून तिरपा केला आणि उरलेलं मटण रश्शासकट खड्ड्यात ओतलं. गरम होतं, मातीतून वाफ निघाली. जाऊ विझत्या आगीजवळ बसून ते पाहत होती. सासऱ्यांनी माती लोटली, पायानं दाबली, वर दगड ठेवला, कुत्री उकरू नयेत म्हणून. देवानं घेतलं नसलं तरी नियम तो नियम. ते वाईट माणूस नव्हते. घोंगडी घालणारेही तेच होते.

परत येताना ती बंडीत माझ्या शेजारी बसली. जागाच तेवढी होती. तिच्या अंगाला धुराचा वास येत होता. तिनं तोंड बाहेर वळवलं. मी कधीच काही बोलत नव्हते, त्यामुळे कोणाला वेगळं वाटलं नाही.

आठ दिवसांनी तिला माहेरी पाठवलं. बाळंतपणाला पाठवायचं तर सातव्यात ओटी भरून पाठवतात. तिला सहाव्यात, ओटी न भरता पाठवलं. त्याचा अर्थ गल्लीतल्या सगळ्यांना कळला. दीर तिला एसटीवर बसवून देऊन आला आणि लगेच मागावर बसला.

पोट पडलं नाही. दिवस भरले आणि मुलगी झाली. चांगली, धडधाकट. निरोप घेऊन तिचा भाऊ आला होता. सासूनं त्याला चहा दिला आणि म्हणाली, "मुलगा व्हता. देवानं बदलून टाकला. उष्टं खाल्ल्यावर काय होईन?" तो बिचारा कप हातात धरून बसला. निघताना म्हणाला, "न्यायले कधी येता?" सासू त्याचा कप उचलून आत गेली.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी दीर माझ्याकडे आला. मी मागच्या आंगणात सूत वाळू घालत होते. तो माझ्याशी सहसा बोलत नसे, लाजायचा. त्या दिवशी समोर येऊन उभा राहिला.

"वैनी, एक काम होतं."

मी सूत पसरत राहिले.

"मायले तुम्ही सांगा. तुम्ही पाहिला होता कावळा म्हणा. घाबरून बोलल्या नाही म्हणा. माय माह्यं ऐकत नाही. तुमचं मानते. तुम्ही खोटं बोलत नाही असं ते साऱ्या गावाले सांगत फिरते." त्याचा आवाज बसला होता. "तेवढं सांगा जी. मंग मी उद्याच जाऊन घेऊन येतो दोघीले."

तो खरं सांगत होता. मी म्हटलं असतं तर सासूनं मानलं असतं. तिलाही कदाचित एखादं निमित्त हवंच होतं. नातीला पाहायला ती आतून आतुर झाली होती, मला दिसत होतं. बाळाचं जुनं कुंचडं काढून तिनं धुवून ठेवलं होतं.

मला जाऊ नको होती असं नाही. तिला मुलगा झाला असता तर कदाचित मी वेगळा विचार केला असता, पण तिलाही मुलगीच झाली होती. आता ती आणि मी सारख्याच होतो. अडचण तिची नव्हतीच. अडचण अशी होती की सासू पुढं विचारणार होती, "मंग त्या दिवशी काहून नाही बोलली?" ते ती सगळ्यांसमोर विचारणार होती. पुन्हा वीस माणसं माझ्याकडे पाहणार होती. आणि त्याचं उत्तर मान हलवून देता येत नव्हतं.

दीर बराच वेळ उभा राहिला. तो माझ्या मानेकडे पाहत होता. घरात सगळ्यांना ती सवय लागली होती.

मी सुताचा दुसरा पदर झटकला आणि दोरीवर टाकला.

"ठीक आहे," तो म्हणाला आणि आत गेला.

त्यानं सासूशी एकदा भांडण केलं म्हणतात, मी तेव्हा पाण्याला गेले होते. मग सात-आठ महिने काहीच झालं नाही. पुढच्या माघात पंच बसले, सोडचिठ्ठीचा कागद झाला आणि उन्हाळ्यात त्याचं दुसरं लग्न लागलं. नवी जाऊ मोहाडीकडची आहे. तिला दोन मुलगे झाले. ती माझ्याशी चांगली वागते. पहिलीची खोली माझ्या पोरींना मिळाली. त्या तिथंच अभ्यास करून शिकल्या, लग्न होऊन गेल्या.

पहिलीची मुलगी आता कॉलेजात असेल. तिला कोणी पाहिलेलं नाही. सासू शेवटच्या आजारपणात तिच्याबद्दल विचारत होती.

दीर अजून माग चालवतो. घरात आता तोच एक विणणारा उरला आहे. त्या दिवसानंतर त्यानं मला कधी उलट उत्तर दिलं नाही, जेवणाचं ताट ढकललं नाही, आजारी पडले तर दवाखान्यात नेलं. फक्त मला वैनी म्हणणं सोडलं. काही काम असलं तर तो माझ्या नवऱ्याला सांगतो, मी तिथंच उभी असले तरी.